इंग्रजाच्या पुस्तकात नसलेलं गाव

ये माय, जरा जवळ सरक. हे वाचताना तू नागपुरात आपल्या खोलीवर बसली असशील, तरी सरक. मोठ्यानं रागावण्याचं माझं वय गेलं, आणि हळू आवाजात रागवायचं तर माणूस जवळ पाहिजे.

सख्ख्या मावशीला असं विचारतात का? ना 'कशी आहेस', ना 'गुडघा काय म्हणतो'. एकदम मेसेज, की इंग्रजांच्या काळातला आपल्या भागाचा इतिहास अभ्यासायचा आहे, तुझ्या वाचनालयात संदर्भाची पुस्तकं कोणती आहेत, पानांचे फोटो पाठव. मी पाठवला एक फोटो. त्यात अर्धं पान आणि अर्धा माझा अंगठा आला. तू लिहिलंस, 'मावशी, अंगठा काढ.' अगं, अंगठा काढला की पान मिटतं. त्या पुस्तकाचा जन्म मिटून राहण्यात गेला, त्याला उघडं राहायची सवयच नाही.

तर फोटो राहू दे. ज्या हिरव्या कपाटात ही पुस्तकं आहेत ते कपाट मागच्या दिवाळीत रद्दीत जाता जाता वाचलं, आणि अजून पुरतं वाचलेलं नाही. ते आधी ऐक. ऐकता ऐकता कोणतं पुस्तक कशाला लागतं तेही कळेल. मला यादी करून सांगता येत नाही. बोलता बोलताच सांगता येतं.

आमचं वाचनालय तू लहानपणी पाहिलं आहेस. ग्रामपंचायतीच्या बाजूला एक खोली, पुढं टिनाची छपरी. किल्ली माझ्याकडं, कारण घर समोर. पगार नाही, मान आहे. मान म्हणजे कोणाला पेपर पाहिजे असला की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन हाक मारतात आणि फोडणी जळते.

ही पुस्तकं दिली तिरोड्याच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी. ते मुलाकडं नागपूरला राहायला निघाले. सुनेनं म्हणे सांगितलं, फ्लॅटमध्ये एक तर बाबा मावतील, नाही तर पुस्तकं. बाबा गेले, पुस्तकं आमच्याकडं आली. आमच्या गावचा एक टेम्पो राईस मिलमध्ये धान टाकून रिकामा परतत होता, त्यात त्यांनी ती भरून दिली. म्हणून अजूनही त्यातलं एखादं उघडलं की कोंड्याचा वास येतो. मला तो वास आवडतो. इतिहासाचा वास असाच असावा असं मला वाटतं, पण ते तुझ्या सरांना सांगू नको.

पुस्तकं कपाटात मांडायची कशी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मांडली जशी फळीवर भांडी मांडतो तशी. मोठी मागं, लहान पुढं, उंचीनं उतरती. फार सुंदर दिसत होती. नंतर एक माहितगार गृहस्थ आले आणि म्हणाले, विषयवार मांडा. मी म्हटलं, साहेब, घरात पाहुणा आला तर मी गंज, म्हणजे पातेलं, विषयवार शोधत नाही, हात आपोआप जातो. तसाच जातो आता कपाटातही.

सगळ्यात मागं, सगळ्यात जाड, ते जिल्ह्याचं गॅझेटियर. जिल्ह्याची सगळी कुंडली त्यात. नद्या, तलाव, झाडं, जाती, पिकं, बाजार, जत्रा, रस्ते. पण तू त्यावर गोंदिया जिल्हा म्हणून नाव शोधशील तर सात जन्म सापडणार नाही. तेव्हा आपण भंडाऱ्यातच होतो, आणि भंडारा मध्य प्रांतात. ही पहिली गोष्ट लिहून घे. जुन्या काळातला माणूस शोधायचा तर त्याला आताच्या पत्त्यावर शोधू नये.

त्याच्या बाजूला बंदोबस्ताचा रिपोर्ट. बंदोबस्त म्हणजे पोलिसांचा नाही. जमिनी मोजून कोणावर किती सारा बसवायचा ते ठरवलं, त्याचा अहवाल. त्याच्या पोटात घडी घातलेले नकाशे आहेत. मग जनगणनेचं एक पुस्तक, आकड्यांनी गच्च भरलेलं. मग एक जगाचा ॲटलास, ज्यात अर्धी पृथ्वी गुलाबी रंगवली आहे. त्यात आपणही गुलाबी. आणि सगळ्यात पुढं, लहान पण पोट सुटलेली, इंग्रजी-मराठी डिक्शनरी. तिच्याशिवाय बाकीचे सगळे मुके.

शाळा माझी पाचवीपर्यंत. पुढं मी चिखलात धानाचा रोवणा केला, लग्न केलं, पोरं वाढवली, आणि सगळे आपापल्या कामाला लागल्यावर एका दुपारी डाव्या मांडीवर गॅझेटियर आणि उजव्या मांडीवर डिक्शनरी घेऊन बसले. एक ओळ पार होईपर्यंत वरणाचा कुकर उतरून थंडही व्हायचा. पण ओळ पार व्हायची. अशी मी इंग्रजी शिकले. म्हणून माझी इंग्रजी महसुली आहे. मला 'गुड मॉर्निंग' सुचत नाही, 'लँड रेव्हेन्यू' चटकन सुचतं. एकदा तिरोड्याच्या बँकेत नवीन आलेल्या बाहेरच्या साहेबांनी प्रेमानं विचारलं, "अम्मा, इस साल फसल कैसी है?" मला वाटलं, आता आपलीही इंग्रजी दाखवावी. मी म्हटलं, "साहेब, द क्रॉप इज प्रीकेरियस." म्हणजे पिकाचा काही भरवसा नाही. साहेब पेन हातात धरून तसेच बसले. मग त्यांनी मला चहा पाजला.

तर असं माझं सगळं छान चाललं होतं, आणि मागच्या वर्षी माझा पुतण्या वाचनालयाच्या समितीचा अध्यक्ष झाला. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. पोरगं चांगलं आहे, शिकलेलं आहे, मला मोठीमाय म्हणतं. पोळ्याचा सण आटोपला आणि एका सकाळी तो टेप घेऊन आला, मोजमापाची. कपाट मोजलं, खिडकी मोजली.

"मोठीमाय, हे कपाट कोण उघडते?"

"मी उघडते."

"तू सोडून?"

मी म्हटलं, "उन्हाळ्यात एक पाल गेली होती आत."

तो हसला नाही. म्हणाला, "मस्करी नको करू. पोरी पाह्य बाहेर."

बाहेर छपरीत पोलीस भरतीच्या पोरी बसल्या होत्या. सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावायचं आणि दिवसभर इथं अभ्यास करायचा. टेबल नाही, म्हणून गुडघ्यावर पुस्तक. पावसाची सर आली की टिनाखाली पाणी यायचं आणि त्या भिंतीला पाठ लावून पाय जवळ घ्यायच्या. आत खिडकीशी, जिथं उजेड आणि वारा, तिथं माझं कपाट उभं.

"टेबल आणून राहिलो," पुतण्या म्हणाला. "खिडकीपाशीच पाहिजे. आन् कपाट ठेवाले दुसरी जागा नाई. दिवाळीच्या मंडईपर्यंत पाहतो. तवरिक कोणी ह्या पुस्तकाले हात लावला तं ठीक, नाई तं रद्दीवाल्याले सांगतो."

मला राग यायला पाहिजे होता. पण खरं सांगू, त्याचं चुकत नव्हतं. चुकत असतं तर मी चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडायला फार अक्कल लागते.

मग मी पुस्तकांना गिऱ्हाईक शोधायला लागले. पेपर वाचायला येणाऱ्या बुढ्यांना म्हटलं, नकाशा पाहा. ते म्हणाले, चष्मा घरी आहे. पोरींना म्हटलं, तुमच्या परीक्षेत इतिहास असतो ना. त्यांच्याकडं चार पर्यायांचे प्रश्न असतात. अ, ब, क, ड. माझं गॅझेटियर एका प्रश्नाला चार पानं उत्तर देतं आणि शेवटी म्हणतं की नक्की सांगता येत नाही.

फक्त एक पोरगी थांबली. बौद्ध मोहल्ल्यातली, सगळ्यात पुढं धावणारी. म्हणाली, "आजी, ह्यात आमच्याबद्दल काय लिहिलं आहे?"

मी जरा अडखळले. मला माहीत होतं काय लिहिलं आहे. जातींचं प्रकरण मी वाचलं होतं. ते लिहिणाऱ्या इंग्रज साहेबानं एकेका जातीला दोन-दोन ओळींत उकलून ठेवलं आहे, कोण कष्टाळू, कोण आळशी, कोण भांडखोर, जसा बाजारात बैल पाहतात. म्हटलं, "नको वाचू. जुनं आहे, वाईट नाव घालून लिहिलं आहे."

"मंग तं वाचाच लागते," ती म्हणाली.

तिनं ते पान वाचलं. डिक्शनरीत दोनदा पाहिलं. मग बोट त्या ओळीवर तसंच ठेवून विचारलं, "हे त्यानं कोणाले इचारून लिहिलं?"

मी इतकी वर्षं ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले, मला हा प्रश्न पडला नव्हता. मी फक्त अर्थ शोधत होते. त्या दिवसानंतर मी सगळं पुन्हा वाचलं, तिचा प्रश्न हाताशी धरून. आपल्या शेतकऱ्याला साहेबानं आळशी म्हटलं आहे. कोणाला विचारून? साहेब हिवाळ्यात घोड्यावर यायचा, आंब्याच्या बनात तंबू ठोकायचा, सारा गोळा करणारा मालगुजार आणि पटवारी समोर उभे राहायचे. हिवाळ्यात धान कापून, चुरून-मळून झालेलं. माणूस उन्हाला पाठ देऊन बसलेला. साहेबाला तो बसलेलाच दिसला. आषाढात चिखलात वाकलेला दिसला असता तर दुसरं काही लिहिलं असतं, पण आषाढात साहेबाचं घोडं आपल्या रस्त्यानं येऊ शकत नव्हतं. रस्त्यांबद्दल मात्र त्यानं खरं लिहिलं आहे.

आता मंडईचं. तुला माहीत आहे, पण तुझ्या मैत्रिणींना नसेल माहीत म्हणून सांगते. दिवाळीची भाऊबीज झाली की आपल्याकडं गावोगाव मंडई भरते. गायकी लोक, म्हणजे गुरं राखणारे, ढाल घेऊन नाचत येतात. ढाल म्हणजे मोरपिसं बांधलेला उंच बांबू. दुकानं लागतात, पाळणा येतो, रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, होते, आणि लेकी-जावई, सोयरे-धायरे सगळे जेवायला. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. शेजारच्या दोन गावांनी एकाच दिवशी मंडई ठेवायची नाही, कारण पाहुणे तेच, जिलेबीवाला तोच, पाळणाही तोच.

आणि मागच्या वर्षी नेमकं तेच झालं. आमच्या गावानं नोकरीवाल्यांच्या सोयीसाठी रविवार धरला. तलावाच्या पलीकडच्या गावाचाही तोच दिवस निघाला. पलीकडचं गाव म्हणजे माझं माहेर, तुझ्या आईचंही.

दोन्हीकडून फोन झाले, फोनवर आवाज चढले. ज्याची मंडई जुनी त्याचा दिवस, इथपर्यंत गोष्ट आली. मग आमच्या लोकांची बैठक वाचनालयाच्या छपरीत बसली. कोणी म्हणालं आपली मंडई पणजोबाच्या वेळची, कोणी म्हणालं त्याच्या पणजोबाच्या. शेवटी एक बुढा म्हणाला, "वाद कायले करता? त्या कपाटात इंग्रजाचं पुस्तक आहे नं, ज्यात गावागावाचं लिहिलं आहे. ते पाहा. सरकारी आहे, खोटं बोलणार नाई."

पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. "काढ मोठीमाय."

मी उठले. गुडघा दुखला नाही त्या वेळी. पदरानं गॅझेटियर पुसलं आणि सगळ्यांच्या मध्ये मांडी घालून बसले. मनात म्हटलं, आता पाहू रद्दीवाला कसा येतो.

आधी गावांच्या प्रकरणात आमचं गाव शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. नाहीच. मग शेवटी जत्रांची यादी आहे ती उघडली. त्यात माझं माहेर होतं. दिवाळीनंतर लहानशी जत्रा भरते, असं स्वच्छ लिहिलेलं. आमचं गाव तिथंही नाही.

मी जसं होतं तसं वाचलं आणि मराठीत सांगितलं.

मग तोच बुढा हळूच म्हणाला, "बाई, तुह्यं माहेर कोणतं वं?"

सगळे हसले. मी म्हटलं, "माहेर माझं आहे, पुस्तक नाही. मी काय त्या साहेबाच्या कानात जाऊन सांगितलं?"

"तसं नाई म्हणत. पण वाचणारीन त्या गावची, अर्थ सांगणारीन त्या गावची, आन् नावही त्याच गावाचं निघते, तं माणसाले शंका येते."

मी पुस्तक पुतण्यासमोर सरकवलं. "तू वाच. बी.ए. आहेस."

त्यानं वाचलं, सावकाश, ओळीखाली बोट धरून. तेच निघालं. त्याचे कान लाल झाले. पुस्तक मिटून म्हणाला, "मोठीमाय, तुह्या कपाटात आमचं गावच नाई. मंग हे आमच्या गावात ठेवून काय फायदा?"

घ्या. ज्या दिवशी पुस्तक पहिल्यांदा उघडलं, त्याच दिवशी त्याचा निकाल लागला. त्या दुपारी मी जेवले, पण चव लागली नाही. पंचाकडं जातात तसे सगळे पुस्तकाकडं गेले होते, आणि पंचानं विरुद्ध सांगितलं की पंचच वाईट. मीही त्यांच्यातलीच. मलाही वाटलं होतं की पुस्तक आपल्या बाजूनं बोलेल.

बातमी माहेरी पोचायला तलाव ओलांडायचीही गरज लागली नाही, मोबाईलवरूनच गेली. दुसऱ्या दिवशी तुझा मामा चार-पाच जण घेऊन मोटारसायकलींवर हजर. पेढे आणले होते. म्हणाला, "बाई, पुस्तक दाखव. आमच्या गावाचं नाव छापलं आहे म्हणे." सगळ्यांनी त्या पानाचे फोटो काढले. तुझ्या मामानं पुस्तक छातीशी धरून वेगळा फोटो काढला, जसं नवीन बाळ.

पुतण्या दारात उभा राहून पाहत होता, हाताची घडी घालून. मामा त्याला म्हणाला, "पेढा घ्या, जावईबापू."

"मले गोड चालत नाई," पुतण्या म्हणाला. आदल्या संध्याकाळीच त्यानं माझ्याकडं दोन करंज्या खाल्ल्या होत्या.

मग मामा म्हणाला, "बाई, आमच्या गावाबद्दल अजून काय काय लिहिलं आहे? सगळं वाच." गावांच्या प्रकरणात माहेरावर तीनच ओळी होत्या. पहिली लोकवस्तीची. दुसरी तलावाची, की मोठा आहे आणि धानाला पाणी देतो. तिसरी ओळ आदल्या दिवशी कोणी वाचलीच नव्हती, कारण आमचं गाव त्यात नाही म्हटल्यावर पान उलटलं होतं. त्या ओळीत होतं की तलावाच्या दुसऱ्या पाळीखाली याच गावाचा एक टोला आहे.

टोला म्हणजे मोठ्या गावातून फुटून बसलेली वस्ती. मी बंदोबस्ताच्या रिपोर्टातला नकाशा काढला, जमिनीवर पसरवला, चारी कोपऱ्यांवर डिक्शनरी आणि बाकीची पुस्तकं ठेवली. तलाव सापडला. एका काठावर माहेराचं नाव. दुसऱ्या काठावर नाव नाही, फक्त चार ठिपके. ते ठिपके आम्ही.

मामानं पुतण्याकडं पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसला. "म्हणजे तुम्ही आमचा टोला."

"का म्हणलं?" पुतण्या दारातून आत आला.

"मी नाई म्हणलो. नकाशा म्हणते."

आता इथं गोष्ट हातघाईवर जाते असं मला दिसलं. ती धावणारी पोरगी मागं उभी होती. तिनं पुन्हा तेच विचारलं, जरा मोठ्यानं. "पण त्यानं हे कोणाले इचारलं? आन् आपण कोणाले इचारून राहिलो?"

माझ्या डोक्यात लख्ख झालं. मला कोणी विचारलंच नव्हतं. पुस्तक वाच म्हणाले, मी वाचलं. पण तलावाच्या त्या काठाला जन्मलेली आणि या काठाला म्हातारी झालेली त्या खोलीत मी एकटीच होते. साहेबानं बायकांना विचारलं नव्हतं, ते समजता येतं. आमच्या बैठकीतही नव्हतं विचारलं. आणि मीही, बघ, पुस्तकात शोधत बसले होते जे मला तोंडपाठ होतं.

मी म्हटलं, "बसा सगळे. पेढे खा आणि ऐका. आम्ही लहान असताना मंडई एक दिवस नव्हती, दोन दिवस होती. पहिल्या दिवशी तिकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी गायकी लोक तीच ढाल खांद्यावर घेऊन पाळीवरून चालत इकडं यायचे, आणि आम्ही पोरी त्यांच्या मागं. मधात मातामायच्या ठाण्याशी थांबायचं, नारळ फोडायचं. मग इकडं दुसरा दिवस. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायका तलावाचे शिंगाडे उकडून विकायच्या. इथल्याच दुसऱ्या दिवशी, तोंडभर शिंगाडा कोंबलेली असताना माझ्या सासूनं मला पाहिलं आणि पसंत केलं. सासू जन्मभर सांगायची, पोरगी खाणारी आहे म्हणजे कामाची आहे."

मामा म्हणाला, "हो वं, ढाल पाळीवरून यायची. बाबा सांगत होते."

आदल्या दिवशीचा बुढा तिथंच होता. तो इतका वेळ पेढा चघळत होता. म्हणाला, "म्हणूनच दोन्ही गावाची मातामाय एक आहे. मी म्हणायचो, आपली देवी मधात पाळीवर काऊन बसली."

"मग जुनी कोणाची?" मामाचा एक सोबती अजून हट्ट सोडेना.

मी म्हटलं, "एकाच मायच्या दोन लेकरांत मोठं कोण, ते ठरवून जेवणाचं ताट कमी-जास्त होत नाही. तुमचा पहिला दिवस, आमचा दुसरा. रविवार तुम्हाला, सोमवार आम्हाला."

"सोमवारी नोकरीवाले येत नाई, मोठीमाय."

"रविवारी येतील, राहतील, सोमवारी जेवून जातील. एक सुट्टी घ्यायला काय जीव जातो? पाहुण्याला दोन मंडया मिळतात, जिलेबीवाल्याला दोन दिवस, आणि पाळणा एकदाच खोलून बांधायचा."

पुतण्यानं पेढा उचलला. खाल्ला. मग त्या नकाशाकडं वाकून त्या चार ठिपक्यांकडं बराच वेळ पाहत राहिला. "ह्यातलं आपलं घर कोणतं असन?" म्हणाला. मी म्हटलं, तेवढा बारीक साहेब नव्हता.

मंडई झाली, दोन दिवसांची. पुतण्यानं स्वतःच्या मनानं छपरीत सतरंजी टाकून गॅझेटियर मांडलं, आणि पाहुण्यांची ही गर्दी. देवरीचे जावई, आमगावचे व्याही, दरेकसाकडून आलेली मंडळी, सगळ्यांचा एकच प्रश्न, "आमचं गाव आहे का?" बोदलकसाच्या एका बाईनं तर पुस्तकाला हात लावून हात कपाळाला लावला. ज्यांचं गाव निघालं ते छाती काढून जिलेबी खायला गेले. ज्यांचं नाही निघालं त्यांना मी सांगत होते, रागावू नका, आमचंही नाही, या, आपण ठिपके एका बाजूला बसू. आणि एकाच्या गावाबद्दल लिहिलं होतं की इथले लोक कोर्टकचेरीचे शौकीन. तो म्हणाला, साहेब पक्का माणूस होता.

मंडई उठली आणि तिसऱ्या दिवशी पुतण्या पुन्हा टेप घेऊन आला. मला वाटलं, झालं. पण त्यानं दारामागची भिंत मोजली. तिथली मोडकी खुर्ची आणि गणपतीचं सामान काढलं. कपाट दारामागं गेलं, खिडकीशी टेबल आलं. पोरी आत बसल्या.

"म्हणजे रद्दीवाला नाही ना?" मी विचारलं.

"ह्या वर्षी नाई." तो माझ्याशी खोटं बोलत नाही, हे त्याचं मला आवडतं. म्हणाला, "मोठीमाय, लोक आले ते गंमत म्हणून आले. आपल्या गावाचं नाव पाहिलं, फोटो काढला, गेले. अभ्यासाले कोण येते? समितीत लोक मले इचारतात. पुढच्या मंडईपर्यंत एक माणूस दाखव, जो इथं येऊन, बसून, ही पुस्तकं घेऊन खरा अभ्यास करते. मंग मी कोणालेच कपाटाले हात लावू देणार नाई."

मी त्या धावणाऱ्या पोरीकडं बोट दाखवलं. ती तोवर रोज संध्याकाळी जातींचं प्रकरण वाचायला लागली होती. पानाच्या बाजूला पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढते म्हणून मी तिला एकदा रागावलेही होते. पण तिची भरती झाली. ट्रेनिंगला गेली. जाताना पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, प्रश्नचिन्हं पुसू नको." मी पुसली नाहीत. तू येशील तेव्हा दिसतील तुला, बारीक बारीक, अळीसारखी. तुझ्या सरांच्या पुस्तकांत असे प्रश्न नसतील.

आता कळलं, मी फोटो का पाठवत नाही? अंगठा हे निमित्त. फोटो पाठवला तर तुझा अभ्यास होईल आणि माझं कपाट जाईल. या पुस्तकांवर 'संदर्भ' असा शिक्का असतो, म्हणजे घरी नेता येत नाहीत. धान कांडायची ढेकी कोणी घरी उचलून नेते का? आपलं धान घेऊन आपणच ढेकीपाशी जायचं, कांडायचं, तांदूळ घेऊन परत. आणि खरं सांगायचं तर एकटं पुस्तक पाहून उपयोगही नाही. गॅझेटियर पाहिलं की बंदोबस्ताचा नकाशा पाहावा लागतो, नकाशा पाहिला की पाळीवर चालून यावं लागतं, आणि चालून आलं की कोणा म्हातारीला विचारावं लागतं. फोटोत तलाव येईल, म्हातारी यायची नाही.

रोवणे आटोपले आहेत, आता घाई काही नाही. दिवाळीला वेळ आहे, पण फार नाही. शिंगाडे धरू लागलेत. नागपूरहून गोंदियाची गाडी पकड, तिरोड्याला उतर, पुतण्या मोटारसायकल घेऊन उभा राहील, त्याला मी सांगून ठेवलं आहे की माझा एक खरा विद्यार्थी येणार आहे. तो म्हणाला, "पाहू." त्याच्यासमोर कपाटाची किल्ली तुझ्या हातात द्यायची आहे मला. पोरींनी टेबलाचा एक कोपरा रिकामा करून ठेवला आहे, मी रोज पुसते.

मंडईच्या आधी ये, माय. मंडईत आलीस तर पुन्हा तो म्हणेल, गंमत म्हणून आली.